बास्केटबॉलचे जनक : डॉ. जेम्स नेस्मिथ

मुलांनो, मार्च महिन्यातला तो रविवार आठवतो ना? मधल्या सुट्टीनंतर कोणाचेच लक्ष जोडाक्षरांत नव्हते. कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धा सुरू झालेल्या, आणि कोण कोणाला हरवणार याचे तक्ते बाकाखालून हातोहात फिरत होते. मी फळ्याकडून वळले तर एक तक्ता सरळ माझ्या पायाशी येऊन पडला! रागवायच्या तयारीतच होते, पण तेवढ्यात आपल्या मोठ्या गटातल्या एका मुलीने अशी माहिती सांगितली की मीच ऐकत राहिले. कॅन्सस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ ज्यांनी सुरू केला त्यांनीच हा खेळही शोधून काढला होता. आणि त्या संघाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने ज्यांच्या नावावर जास्त आहेत, असे कोच ते एकटेच!

वर्गात हशा पिकला. ज्यांनी खेळ काढला त्यांनाच तो शिकवता येत नव्हता, असे कोणीतरी म्हणाले आणि पुन्हा हशा.

मला ते थोडे लागले. शिक्षकाचा धंदा आहे माझा, कोणी शिक्षकाला हसले की वाटते आपल्यालाच हसले. म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली आणि या डॉ. जेम्स नेस्मिथ यांची माहिती वाचून काढली. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, ॲल्मॉन्ट गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबांतले. म्हणजे तुमच्यासारखाच, दुसऱ्या देशातून आलेल्यांच्या घरातला मुलगा. पण त्याचे सुख फार दिवस टिकले नाही. १८७० साली विषमज्वराची साथ आली आणि थोड्याच आठवड्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली. नऊ वर्षांचा जेम्स, त्याची बहीण ॲनी आणि भाऊ रॉबी पोरके झाले. मामा पीटर यंग यांनी त्यांना आपल्या शेतावर वाढवले.

हे पीटरमामा प्रेमळ, पण शिस्तीचे कडक. एकदा जेम्स घोडे घेऊन गोठलेली नदी ओलांडत होता. बर्फ फुटला आणि घोडे पाण्यात गेले. जेम्सने जिवाच्या आकांताने लगाम ओढून त्यांना बाहेर काढले आणि मग पाहतो तो काय, मामा झाडीत उभे राहून सगळे बघत होते! ते मदतीला धावले नाहीत. पोराने आपला घोळ आपणच निस्तरावा अशी त्यांची रीत. (पालकहो, ही रीत इथे आपल्याला परवडणार नाही. आपण तर मुलांचा सायन्स प्रोजेक्टसुद्धा रात्री बारापर्यंत जागून स्वतःच पुरा करतो.)

गावातली मुले एक खेळ खेळत. एका मोठ्या खडकावर मुठीएवढा दगड ठेवायचा. एकाने तो राखायचा, बाकीच्यांनी लांबून दगड मारून तो पाडायचा आणि आपला दगड उचलून, राखणाऱ्याच्या हाती न लागता परत पळायचे. आपल्या लगोरीचा हा लांबचा भाऊच म्हणायचा. या खेळात जेम्सच्या एक गोष्ट लक्षात आली. दगड जोरात सरळ फेकला आणि नेम चुकला, तर तो लांब जाऊन पडतो आणि आणायला जाईपर्यंत आपण पकडले जातो. तोच दगड हळू, कमानीसारखा वर उडवून टाकला तर नेमही बसतो आणि दगडही जवळच पडतो. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळे उभे राहणार आहे.

हायस्कूल अर्धवट सोडून जेम्स काही वर्षे जंगलात लाकूडतोड्यांबरोबर कामाला गेला. मग पुन्हा शाळेत आला, वयाने लहान असलेल्या मुलांबरोबर बसून अभ्यास केला आणि १८८३ मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात दाखल झाला. धर्मोपदेशक व्हायचे हे ठरलेलेच होते. पण त्याला खेळांचाही नाद लागला, जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल, लक्रॉस सगळे. त्या काळी धार्मिक माणसांना असले दांडगे खेळ म्हणजे सैतानाची करामत वाटे. वर्गमित्र त्याच्या आत्म्याची काळजी करीत. बहीण ॲनीने तर पुढे त्याने धर्मोपदेशकाची वाट सोडली म्हणून त्याला मनापासून क्षमा कधी केलीच नाही.

वाट का सोडली? एका सामन्यात शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल सुटला आणि त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. मग जेम्सकडे लक्ष जाताच तो ओशाळला आणि तू इथे आहेस हे विसरलोच, म्हणून त्याने माफी मागितली. जेम्सने त्याला शिव्यांबद्दल कधी एक शब्दही सांगितला नव्हता. तो नुसता बरोबर खेळत होता. उपदेश न करताही माणसावर परिणाम होतो, आणि तो मैदानावर जास्त होतो, असे त्याच्या मनाने घेतले. धर्मशास्त्राचा अभ्यास त्याने पुरा केला, पण १८९० मध्ये तो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत आला. पुढच्या वर्षी तिथेच शिक्षक झाला. आता आपण त्याला अहो-जाहो करू या.

१८९१चा हिवाळा. बाहेर बर्फ. फुटबॉलचा मोसम संपलेला, बेसबॉलला अवकाश. मधल्या काळात मुलांना व्यायामशाळेत कवायत आणि डंबेल्स, दुसरे काही नाही. अठरा जणांचा एक वर्ग तर कोणाच्याच काबूत येईना. दोन शिक्षकांनी आधीच हात टेकले होते. शाळेतले वरिष्ठ, डॉ. ल्यूथर गुलिक, यांनी तो वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात बांधला आणि छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ काढायला चौदा दिवसांची मुदत दिली.

पहिले बारातेरा दिवस फुकट गेले. फुटबॉल आत खेळून पाहिला, तर मुले एकमेकांना पाडून जखमी होऊ लागली. सॉकर खेळून पाहिला, लक्रॉसही पाहिले. कशाचेच जमेना. मग नेस्मिथ शांत बसले आणि एकेक धागा सोडवीत गेले. फुटबॉलमध्ये माणसे पाडतात का? कारण चेंडू घेऊन पळता येते. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही! चेंडू हातात आला की उभे राहायचे आणि दुसऱ्याकडे फेकायचा. गोलात चेंडू जोराने का मारतात? कारण गोल समोर उभा असतो. मग गोल आडवा करून डोक्यापेक्षा उंच टांगायचा! तिथे जोर चालत नाही, चेंडू अलगद कमानीने वर उडवावा लागतो. ॲल्मॉन्टच्या खडकावरचा दगड असा वीस वर्षांनी कामाला आला.

शाळेच्या देखभालीचे काम पाहणाऱ्या स्टेबिन्स यांच्याकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता म्हणून टोपली दहा फुटांवर! आजही जगभर बास्केट दहा फुटांवरच असते. कठडा नऊ फुटांवर असता तर आपल्या वर्गातल्या किती तरी जणांची सोय झाली असती. तेरा नियम दोन कागदांवर टाइप करून भिंतीवर लावले, आणि २१ डिसेंबर १८९१ रोजी पहिला सामना झाला. मुले अठरा, म्हणून एका बाजूला नऊ. चेंडू सॉकरचा. गुण किती झाले असतील? सगळ्या सामन्यात एक! विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने तो एकच गोल केला. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू आत गेला की कोणीतरी वर चढून तो काढायचा.

खेळाला नाव हवे होते. फ्रँक महान या विद्यार्थ्याने शिक्षकांचेच नाव सुचवले. त्या नावाने कुठलाही खेळ मरेल, असे म्हणून नेस्मिथ हसले. मग त्याच मुलाने टोपली आणि चेंडू एकत्र केले, आणि नाव पडले बास्केटबॉल. जवळच्या शाळेतल्या काही शिक्षिका हा खेळ बघायला यायच्या. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःच खेळायला सुरुवात केली. (मुलींनो, ऐकताय ना?) त्यांतल्या एक मॉड शर्मन. १८९४ मध्ये त्यांचे आणि नेस्मिथांचे लग्न झाले. पुढे त्यांना पाच मुले झाली.

खेळ वाऱ्यासारखा पसरला. खेळाचे जनक मात्र खेळाच्या मागे गेले नाहीत. १८९५ मध्ये ते डेन्व्हरला गेले, दिवसा वाय.एम.सी.ए.त नोकरी करून वैद्यकीचा अभ्यास केला आणि १८९८ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाला एक माणूस हवा होता, जो सकाळची प्रार्थनाही चालवील आणि मुलांना व्यायामही शिकवील. असे दोन्ही येणारा माणूस शोधून सापडला नसता. लॉरेन्स या लहानशा गावात डॉ. नेस्मिथ आले आणि उरलेला जन्म तिथेच राहिले.

कॅन्ससच्या बास्केटबॉलची सुरुवात ही अशी झाली. मोठा समारंभ नाही, बक्षिसे नाहीत. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए.शी झाला आणि कॅन्सस ५ विरुद्ध १६ असे हरले! घरचे मैदान म्हणजे विद्यापीठाच्या एका इमारतीचे ठेंगण्या छताचे तळघर. नऊ मोसमांत नेस्मिथांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले.

आता मुलांच्या हशाकडे येते. त्यांना शिकवता येत नव्हते का? माझ्या वाचनावरून सांगते, त्यांनी त्या अर्थाने शिकवलेच नाही. आजचे कोच बाकापासून ओरडतात, पाटीवर बाण काढतात. त्या काळात कोच हे कामच नीट जन्माला आले नव्हते. नेस्मिथ कधी कधी स्वतःच्या संघाच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहत. आपल्या संघाच्या सामन्याला स्वतःच पंच! म्हणजे कोण जिंकले याची त्यांना फार ओढ नव्हती हे उघड आहे. त्यांच्या दृष्टीने बास्केटबॉल हा हिवाळ्यात मुलांचे अंग हलावे यासाठी काढलेला एक बरा उपाय होता. व्यायाम म्हणून त्यांना कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्स जास्त मोलाचे वाटत. डॉक्टर असल्याने कोणाचा पाय लचकला, कोणाची छाती भरत नाही, इकडे त्यांची नजर असे. गुणफलकाकडे ती कमी जाई.

पण त्यांच्या हाताखाली एक खेळाडू होता, ज्याची नजर गुणफलकावरून हटत नसे. फॉरेस्ट ॲलन त्याचे नाव. आवाज बोटीच्या भोंग्यासारखा, म्हणून सगळे त्याला फॉग म्हणत. जवळच्या बेकर विद्यापीठाने त्याला कोच म्हणून बोलावले तेव्हा नेस्मिथांना हसूच आले. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे त्यांनी त्याला सांगितले. शिष्याने ऐकले नाही. १९०७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने गुरूंच्याच जागेवर कॅन्ससचा संघ हाती घेतला आणि दोन मोसमांत ४३ सामने जिंकले, फक्त ९ गमावले. मध्ये दहा वर्षे तो बाहेर होता. १९१९ मध्ये परत आला तो १९५६ पर्यंत राहिला. कॅन्ससमध्ये त्याचे एकूण विजय ५९०.

आपल्याकडे गाण्यात घराणी असतात, तसे हे बास्केटबॉलचे घराणे इथून सुरू झाले. ॲलनच्या हाताखाली खेळलेला अडॉल्फ रप केंटकीचा कोच झाला आणि ८७६ सामने जिंकला. १९५२ मध्ये कॅन्ससने पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्या संघातला डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि ८७९ जिंकला. डीन स्मिथचा शिष्य कोण? मायकेल जॉर्डन! तुमच्या भिंतीवर नसला तरी तुमच्या बाबांच्या बुटांवर तो असायचा. म्हणजे जॉर्डनचे गुरू स्मिथ, स्मिथचे ॲलन, आणि ॲलनचे गुरू ५५ जिंकून ६० हरलेले डॉ. नेस्मिथ.

शिष्याचा डंका वाजत असताना गुरू त्याच आवारात व्यायामाचा तास घेत होते. मधल्या काळात १९१६ मध्ये सैन्याबरोबर मेक्सिकोच्या सीमेवर धर्मोपदेशक म्हणून गेले, मग पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांच्या सेवेत राहिले. १९२५ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. नागरिकत्वाचे कागद आणि त्यांची वाट पाहणे आपल्या घरांना काही नवे नाही!

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेन्डन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. ज्यांनी खेळ काढला त्यांच्याकडेच शिकायचे, एवढ्यासाठी तो आला होता. नेस्मिथांनी त्याला आपला विद्यार्थी मानले. पण विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कातडीच्या रंगामुळे त्याला जागा नव्हती. तो संघ ॲलनचा, आणि आवार नेस्मिथांचे तीस-पस्तीस वर्षांचे ओळखीचे. पोहण्याच्या तलावातही त्याला मज्जाव होता. त्याने पाण्यात उतरायचा हट्ट धरला तेव्हा नेस्मिथ त्याच्या पाठीशी उभे राहिले. संघाचे दार मात्र उघडले नाही. नेस्मिथांनी त्यासाठी आणखी भांडायला हवे होते असे मला वाटते. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे एखादे पान येतेच, ते उलटून पुढे जाऊ नये.

मॅक्लेन्डन १९३६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. कॅन्ससच्या संघात एकही सामना न खेळलेल्या या विद्यार्थ्याने पुढे टेनेसीतल्या एका कृष्णवर्णीयांच्या कॉलेजला १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षे आपल्या गटाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. चेंडू हाती येताच विजेसारखे दुसऱ्या टोकाला धावायचे, हा आजचा वेगवान खेळ घडवण्यात त्याचा फार मोठा हात आहे. मला विचाराल तर नेस्मिथांच्या शिष्यांत पहिले नाव याचे घ्यावे. ॲलनला तर गुरूंनी कोच होऊ नकोस असे सांगितले होते. याला मात्र त्यांनी स्वतः वाट दाखवली.

त्याच १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला. त्यासाठी ॲलनने वर्षानुवर्षे खटपट केली होती. एका प्राध्यापकाच्या पगारात जर्मनीचा प्रवास कुठला! मग देशभरच्या बास्केटबॉल कोचांनी सामन्यांच्या तिकिटांमागे पै-पैसा जमवला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या नेस्मिथांना बर्लिनला पाठवले. २१ देशांचे संघ तिथे खेळले. एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनी उडवला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानावर, धो धो पावसात झाला. चिखलात चेंडू टप्पा घेईना! अमेरिका १९, कॅनडा ८. पदके नेस्मिथांच्याच हस्ते दिली गेली. सोने त्यांच्या नागरिकत्वाच्या देशाला, रुपे जन्माच्या देशाला आणि कांस्य मेक्सिकोला. ज्याला दोन देश आहेत अशा माणसाला याहून गोड निकाल कोणता?

आणि गंमत अशी, की त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले होते. त्यांनी तिथे हुतूतू आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. हे वाचताना मी खुर्चीतून उठलेच!

१९३७ मध्ये नेस्मिथ निवृत्त झाले. त्याच वर्षी मॉडबाई गेल्या. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्समध्येच डॉक्टरांचे निधन झाले. या खेळाचे पेटंट त्यांनी घेतले नव्हते, खेळावर ते श्रीमंतही झाले नाहीत. खेळाच्या जन्माची हकीकत सांगणारे त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये, त्यांच्या माघारी छापले गेले.

कॅन्ससचे पुढे काय झाले ते तुमच्या तक्त्यात आहेच. १९५२ नंतर १९८८, २००८ आणि २०२२ अशा आणखी तीन राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकल्या. हरल्याही. विल्ट चेंबरलेनसारखा सात फुटी खेळाडू असून १९५७ची अंतिम लढत, तीन वेळा जादा वेळ देऊनही, एका गुणाने गेली. ॲलनने त्याला आणले होते, पण सत्तरी झाली म्हणून नियमाप्रमाणे ॲलनना आधीच निवृत्त व्हावे लागले. विद्यापीठाचे एकूण विजय दोन हजारांच्या कधीच पुढे गेले आहेत, आणि कोचांच्या यादीत पहिल्या नावासमोर ५५–६० हे आकडे तसेच आहेत.

भिंतीवर लावलेले ते दोन टाइप केलेले कागद डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाले. कॅन्ससच्या एका माजी विद्यार्थ्याने ते ४३ लाख डॉलरला घेतले आणि आपल्या विद्यापीठाला दिले. आता ते लॉरेन्समध्ये काचेमागे ठेवलेले आहेत. शेजारीच संघाचे मोठे क्रीडागृह आहे, १९५५ मध्ये उघडलेले. त्या इमारतीला नाव शिष्याचे, ॲलन फील्डहाउस. आतल्या लाकडी मैदानाला नाव गुरूंचे, जेम्स नेस्मिथ कोर्ट. आणि तिथे नेणाऱ्या रस्त्याचे नाव नेस्मिथ ड्राइव्ह.